वहिवाट

पुण्यातील एका महाविद्यालयाकडून दोन वर्षांपूर्वी आम्हांस एका परिसंवादाचे निमंत्रण आले. विषय होता ‘आंतरराष्ट्रीय कायदा आणि जागतिक कारभार’. कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भाषाशास्त्र अशा निरनिराळ्या शाखांच्या अध्यापकांनी एका टेबलाभोवती बसून दोन दिवस बोलावे, अशी ती योजना होती. नीतिशास्त्र आणि धर्मपरंपरा यांच्या वतीने बोलणारे कोणी तरी हवे होते. सेमिनरीतील आमच्या एका जुन्या सहाध्यायाने आमचे नाव सुचविले.

आम्ही वसईच्या किनाऱ्यावरील एका लहानशा धर्मग्रामाचे धर्मगुरू. सकाळची मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी, धर्मशिक्षणाचे वर्ग आणि दफनभूमीच्या कुंपणाची डागडुजी यांत आमचा दिवस मावळतो. अशा विद्वत्सभेत आमचे काय काम, असे म्हणून नकार लिहावयास आम्ही कागद पुढे ओढलाही होता. परंतु कार्यक्रमपत्रिकेतील एका ओळीवर दृष्टी खिळली. दुसऱ्या दिवशीच्या चर्चेसाठी एक जुना खटला घेतला होता: पोर्तुगाल विरुद्ध भारत, मार्गाधिकाराचा खटला, हेग, १९६०.

मार्गाधिकार हा शब्द वाचताच आमच्या डोळ्यांपुढे हेग आले नाही. आमच्याच धर्मग्रामातील एका वाडीतली वाट आली, आणि तिच्यावर उभी राहिलेली भिंत आली.

ती हकिकत आधी सांगितली पाहिजे. एका आजोबांच्या वाटणीतून झालेली दोन घरे. थोरल्या घराची वाडी रस्त्याला लागून, धाकट्या घराची तिच्या पाठीमागे. धाकट्या घराची माणसे रस्त्यावर यायची ती थोरल्यांच्या वाडीतून, केळीच्या आणि विहिरीच्या मधल्या वाटेने. तीन पिढ्या हे असेच चालत आले होते. मग थोरल्या घराने कंपाउंडची भिंत घातली आणि वाट बंद झाली. धाकट्या घराची मंडळी आमच्याकडे आली. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सातबारा मागविला, मोजणीचा नकाशा पाहिला. वाट कोठेच दाखविलेली नव्हती. “कागदावर वाट नाही, म्हणजे हक्क नाही. भांडू नका, विनंती करा,” असा सल्ला आम्ही दिला. त्यांनी तो मानला. धर्मगुरूचा शब्द आमच्याकडे अजून मानला जातो, आणि त्याचीच आता आम्हांला भीती वाटते.

पुढच्या जुलैत धाकट्या घरातील आजी वारली. शवपेटी शेताच्या बांधावरून, ओहोळ ओलांडून न्यावी लागली. गुडघाभर पाणी होते. पुढच्या चौघांपैकी एकाचा पाय घसरला आणि पेटी कलली. पडली नाही, एवढेच. आम्ही हातात प्रार्थनेचे पुस्तक आणि डोक्यावर छत्री घेऊन मागून चाललो होतो. भिंतीपलीकडे थोरल्या घराच्या खिडकीत दिवा होता.

नकाराचा कागद आम्ही फाडला आणि पुण्याला गेलो.

पहिल्या दिवशीची चर्चा पुष्कळशी ‘गव्हर्नन्स’ या शब्दापाशीच घुटमळली. त्याला मराठीत काय म्हणावे? शासन म्हटले की सरकार आले, आणि जगाला सरकार तर नाही. ‘कारभार’ हा शब्द भाषेच्या बाईंनी सुचविला, कारण कारभार करणारा राजा असावाच लागत नाही. आम्हांला तो आवडला. अर्थशास्त्राचे गृहस्थ मात्र तासभर आकडे सांगत राहिले. त्यांतले आमच्या लक्षात फारसे राहिले नाही, हा दोष आमचाच.

दुपारी आमची पाळी आली. सेमिनरीत शिकलेले आमच्या कामी येईल असे एकच नाव होते, फ्रान्सिस्को दे व्हितोरिया. स्पेनमधील सालामांका विद्यापीठात ईशज्ञान शिकविणारा हा डॉमिनिकन संन्यासी. अमेरिकेत स्पेनचे राज्य पसरत असताना १५३९ साली त्याने आपल्या व्याख्यानात उघड प्रश्न विचारला, की तेथील लोकांवर राज्य करण्याचा आम्हांस अधिकार काय? सम्राट हा साऱ्या जगाचा धनी नव्हे. पोपमहोदयांना साऱ्या जगावर ऐहिक सत्ता नाही. एखादा मनुष्य ख्रिस्ती नाही म्हणून त्याची जमीन त्याची नाही, असे होत नाही. सम्राट पाचवा चार्ल्स गादीवर असताना हे बोलणे सोपे नव्हते. राष्ट्रांराष्ट्रांतील कायद्याच्या जनकांत व्हितोरियाची गणना होते. जिनिव्हातील राष्ट्रसंघाच्या जुन्या वास्तूतील परिषदेच्या दालनाला त्याचे नाव आहे. आम्ही हे सारे काहीशा अभिमानाने सांगितले आणि खाली बसलो.

इतिहासाचे प्राध्यापक मृदू आवाजात म्हणाले, “फादर, पुढचे पानही सांगा ना.”

पुढच्या पानावर व्हितोरिया म्हणतो, की कोणत्याही देशात शांतपणे प्रवास करावा, व्यापार करावा, हा सर्व मानवांचा नैसर्गिक अधिकार आहे. येथवर उत्तम. परंतु तेथील लोकांनी हा मार्ग अडविला, समजावूनही ऐकले नाही, तर त्यांच्याशी युद्ध करणे न्याय्य ठरू शकते, असेही तो म्हणतो. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेली तलवार मागच्या दाराने आत आली. वाटसरूचा हक्क पुढे आणि त्याच्या पाठीमागे शिपाई. हे पान आम्हांस सेमिनरीत कोणी दाखविले नव्हते असे नव्हे. आम्हीच ते घाईने उलटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खटला निघाला. वाचकांपैकी पुष्कळांनी दादरा आणि नगरहवेली ही नावे मुक्तिसंग्रामाच्या संदर्भात ऐकली असतील. दमण समुद्रावर, आणि तेथून आत ही दोन ठिकाणे. चहूबाजूंनी भारताचा मुलूख, मध्ये पोर्तुगीज अंमल. १९५४ च्या जुलैत दादरा मुक्त झाले, आणि ऑगस्टच्या आरंभी सिल्व्हासाही. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके होते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु दादऱ्यावर चालून गेलेल्या तुकडीच्या नेत्यांत फ्रान्सिस मास्करेन्हस हे नाव होते, हे आपल्या समाजातही फारसे कोणाला ठाऊक नसते. पोर्तुगीज आडनाव म्हणजे पोर्तुगीज निष्ठा, असे टोमणे लहानपणी शाळेत आम्हीही ऐकले आहेत. म्हणून ते नाव आम्ही चर्चेत मुद्दाम उच्चारले. विषयाशी त्याचा संबंध थोडा होता, हे मान्य.

भारताने पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आपल्या मुलुखातून तिकडे जाऊ दिले नाही. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला आणि आठच दिवसांनी, २२ डिसेंबरला, त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा गुदरला. दमणहून आमच्या मुलुखात जाण्याचा आम्हांस हक्क आहे, हे त्याचे म्हणणे. भारतातर्फे ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. प्रत्येक पक्षाला आपल्या निवडीचा एक तदर्थ न्यायाधीश बसविता येतो. भारताने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांची निवड केली.

आणि मग हेगच्या त्या न्यायालयात निघाला पुण्याच्या पेशव्यांचा दप्तरखाना. पोर्तुगालचा आधार होता १७७९ सालचा पेशव्यांशी झालेला तह आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदा. त्या वेळी मराठ्यांचे इंग्रजांशी युद्ध चालू होते आणि पोर्तुगीजांची मैत्री त्यांना हवी होती. त्या मैत्रीपोटी दमणच्या बाजूची बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे ठरले. प्रश्न एवढाच, की दिले ते काय? गावे दिली की गावांचे उत्पन्न दिले? पोर्तुगाल म्हणे, सार्वभौमत्व दिले. भारत म्हणे, सरंजाम दिला.

येथे आमच्या टेबलाभोवती खरी रंगत आली. कायद्याचे अध्यापक गप्प बसले आणि भाषेच्या बाई बोलू लागल्या. सरंजाम म्हणजे काय? आपण आज लग्नाचा सरंजाम म्हणतो, तेव्हा मांडव, भांडी, सामानसुमान एवढेच मनात असते. पेशवाईत सरंजाम म्हणजे फौज वा पद सांभाळण्यासाठी लावून दिलेला महसूल. देणारा तो परत घेऊ शके. जमिनीचे धनीपण देणाऱ्याकडेच राही. इतिहासाच्या प्राध्यापकांनी पुस्ती जोडली, की मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा तर मराठ्यांच्या कागदांत तसे स्पष्ट शब्द येत. न्यायालयाने नेमके हेच पाहिले. मराठी मजकुरातील शब्द सार्वभौमत्व देण्यास पुरेसे नाहीत, जहागीर अथवा सरंजाम या स्वरूपाची ही महसुलाची देणगी होती, असा निर्वाह त्याने केला. शनिवारवाड्याच्या छायेत कोणा कारकुनाने बोरूने लिहिलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनी पंधरा न्यायाधीशांनी तोलून पाहावा, ही गोष्ट आमच्यासारख्या मराठीच्या भक्ताला सुखावणारी होती. भारताची बाजू तिने पुरती तारली असे मात्र नाही.

भारताचा आणखी एक आक्षेप होता. या तहाचा दोघांनी मान्य केलेला असा एकच एक मजकूरच अस्तित्वात नाही. पोर्तुगीज प्रती निराळ्या, मराठी प्रत निराळी. मग हा तह कसला? न्यायालयाने तो आक्षेप मानला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील परिस्थितीत झालेल्या कराराला पुढे हळूहळू घडत गेलेल्या रीतिरिवाजांचे माप लावता येणार नाही, असे त्याने म्हटले. उभय पक्ष तो तह झाला असे समजून वागले, हे पुरेसे होते.

मग सार्वभौमत्व दिले नव्हते, तर खटला तेथेच संपावयास हवा होता. तो संपला नाही, आणि येथेच आमचे कान टवकारले. न्यायालय म्हणाले, मराठ्यांनी काय दिले ते एक. त्यांच्यामागून इंग्रज आले, त्यांनी तेथे पोर्तुगीजांचाच अंमल चालू असलेला पाहिला आणि तो चालू दिला. त्या काळापासून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल दमण ते दादरा-नगरहवेली अखंड ये-जा करीत राहिला. कोणी हरकत घेतली नाही. हे इतके दीर्घ आणि इतके एकसारखे चालले, की त्याचे हक्कात रूपांतर झाले. भारताचे म्हणणे होते, की केवळ दोन राज्यांमध्ये अशी रूढी निर्माण होऊच शकत नाही, रूढीला अनेक राज्ये लागतात. न्यायालय उत्तरले, दोघांमध्ये का होऊ नये?

“अहो, हिला आपण वहिवाट म्हणतो,” असे उद्गार आमच्या तोंडून निघून गेले. मंडळी हसली. कायद्याचे अध्यापक मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, बरोबर, तोच शब्द.

पण शस्त्रांचे काय? सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांची वाट न्यायालयाने निराळी काढली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहापासून आणि त्यानंतरही सशस्त्र माणसे जात ती प्रत्येक वेळी विचारून. जे विचारून करावे लागते ते परवानगीने होते, आणि परवानगी हा हक्क नव्हे. १२ एप्रिल १९६० च्या निकालात माणसांचा आणि मालाचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. शस्त्रांचा हक्क आठ विरुद्ध सात, म्हणजे एका मताने, फेटाळला गेला. आणि १९५४ मधील तंग परिस्थितीत भारताने मार्ग थांबविला तो त्याच्या नियमनाच्या अधिकारातच होता, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. छागला आणि पोर्तुगालचे तदर्थ न्यायाधीश फर्नांडिस या दोघांनीही भिन्नमत नोंदविले, अर्थात परस्परविरुद्ध दिशांनी.

एका विद्यार्थिनीने विचारले, मग या निकालाचा उपयोग काय झाला? प्रश्न रास्त होता. हक्क मिळाला तो १९५४ सालचा. निकाल लागेपर्यंत त्या वाटेच्या टोकाला पोर्तुगीज उरलेच नव्हते. १९६१ च्या ऑगस्टमध्ये दादरा-नगरहवेली भारतात विलीन झाली. त्याच डिसेंबरात दमण, दीव आणि गोवा सैन्याने घेतले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी पोर्तुगालने हे सारे तहाने मान्य केले. २०२० च्या जानेवारीत दमण-दीव आणि दादरा-नगरहवेली मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. आजही सिल्व्हासाहून दमणला जावयाचे तर वाटेत गुजरातचे वापी लागते. आम्ही एकदा एस.टी.ने त्या बाजूला गेलो होतो. शेजारच्या प्रवाशाने सीमा कधी आली आणि कधी गेली हे विचारण्याऐवजी वडा खाण्यात वेळ घालविला. आम्हीही.

त्या मुलीला उत्तर द्यावे असे आम्हांस फार वाटत होते. ज्या वाटेवर व्हितोरियाने माणूस आणि शिपाई यांना एकत्र चालू दिले, त्या वाटेवर हेगच्या न्यायाधीशांनी त्यांना वेगळे केले, एवढा तरी त्याचा उपयोग, असे काहीसे आमच्या मनात होते. पण ते शब्दांत नीट बसेना. शिवाय मन दुसरीकडेच होते.

चहाच्या वेळी आम्ही कायद्याच्या अध्यापकांना बाजूला घेतले आणि नाव न सांगता वाडीची हकिकत सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, “फादर, सातबाऱ्यावर वाट नसते म्हणून हक्क नसतो, असे कोणी सांगितले? वीस वर्षे उघडपणे, कोणाच्या परवानगीविना वापर झाला असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तो हक्क होतो. मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदारांकडे साधा अर्ज केला असता, तरी अडथळा निघाला असता. मात्र तो सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. भिंत होऊन किती दिवस झाले?”

चौदा महिने झाले होते.

सहा महिने आमच्या सल्ल्याने गेले होते. “दिवाणी दावा करता येईल. पण दोन वर्षे उलटली, की तेही अवघड,” ते म्हणाले. आणि ज्यांनी धर्मशास्त्राचा कायदा वर्षभर घोकला, त्या आम्हांला हे सुचू नये! आमच्या धर्मसभेच्या १९८३ च्या संहितेत रूढीवर स्वतंत्र प्रकरण आहे. तीस वर्षे अखंड पाळलेल्या रूढीला तेथे कायद्याचे बळ येते, आणि कायद्याचा अर्थ लावण्यास रूढी हीच सर्वोत्तम, असे तेथे सांगितले आहे. सारे पाठ होते. वाडीत उभे राहिलो तेव्हा मात्र आम्ही फक्त नकाशा पाहिला. त्या विहिरीजवळच्या दगडी पायरीचा मधला भाग पावलांनी झिजून खोलगट झाला होता. तो आम्ही पाहिला होता आणि वाचला नव्हता.

परत आल्यावर आधी आम्ही धाकट्या घरी गेलो आणि आमचा सल्ला चुकीचा होता असे सांगितले. सोपे गेले नाही. मग थोरल्या घरी. थोरले बाबा पडवीत बसले होते. त्यांना आम्ही कोर्टाची भीती घातली नाही. हेगची गोष्ट सांगितली, पेशव्यांपासून. ते लक्ष देऊन ऐकत होते, सरंजाम शब्दाला हसलेही. शेवटी म्हणाले, “फादर, माणसं अडवायला भिंत नव्हती घातली मी. टेम्पो येत होते. रात्री-बेरात्री. माझ्या केळी मोडल्या, विहिरीचा कठडा मोडला. एकदा तरी विचारलं का कोणी?”

हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते.

तीन बैठका झाल्या. भिंतीला सहा फुटांचा दरवाजा करावयाचा, माणसे, सायकल, हातगाडी आणि अंत्ययात्रा केव्हाही जातील, टेम्पो आणि ट्रॅक्टर विचारून, येथवर दोघेही आले. अडले ते एका शब्दावर. थोरले म्हणाले, “माणसं जातील, पण ‘मालकाच्या संमतीने’ असं लिहा. जागा माझी आहे.” धाकट्या घरचा मुलगा म्हणाला, “‘पूर्वापार वहिवाटीप्रमाणे’ लिहा, फादर. संमतीनं म्हटलं की उद्या काढून घेतील.” दोघांचेही बरोबर होते, आणि शब्दाचे वजन दोघांनाही आमच्यापेक्षा आधी कळले होते. रात्रीचे साडेदहा वाजले. कोणी उठेना, कोणी हटेना.

अखेर आम्ही दोन कागद केले. एकात संमती, दुसऱ्यात वहिवाट. बाकी मजकूर अक्षरशः एक. दोघांनी दोन्हींवर सह्या केल्या. पुण्याच्या अध्यापकांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते चांगलेच रागावले. असला कागद कोणत्याही कोर्टात टिकणार नाही, म्हणाले. इतिहासाच्या प्राध्यापकांनी मात्र दोन्हींच्या झेरॉक्स प्रती मागवून घेतल्या.

मूळ प्रती कार्यालयाच्या कपाटात, मृतांच्या नोंदवहीशेजारी ठेवल्या आहेत. मागच्या महिन्यात धाकट्या घराने छपरासाठी पत्रे आणले. टेम्पो दरवाजाबाहेर उभा करून मुलगा आत विचारावयास गेला, हे आम्ही रस्त्यावरून जाताना पाहिले. त्याला पाऊण तास थांबावे लागले. थोरले बाबा जेवत होते.